प्लेगच्या आश्विनातले बिगूल

चौऱ्याण्णव साली सुरतेत प्लेग आला, तेव्हा मी शाळेच्या बँडातल्या मुलांसाठी तोंडाला बांधायच्या पट्ट्या शिवून घेतल्या आणि प्रत्येक पट्टीला मधोमध भोक पाडून घेतलं.

भोक बिगुलासाठी होतं. तोंड झाकलेलं तर पाहिजे आणि बिगूल तर वाजला पाहिजे, या दोन्ही गोष्टींचा मी मोठ्या न्यायबुद्धीने विचार केला होता. गावातल्या शिंप्याकडे मांजरपाटाचा तागा घेऊन गेलो. त्याने विचारलं, "भोक कितीसं ठेवू सर?"

"बिगुलाचं तोंड बसेल एवढं."

"आणि पट्टी कशासाठी म्हणालात?"

"प्लेगसाठी."

त्याने गळ्यातली टेप काढली, पुन्हा गळ्यात घातली. थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं. मास्तर माणसाला काय बोलायचं, असा विचार करून तो मशीनवर बसला. पट्ट्या मात्र त्याने फार सुंदर शिवल्या. भोकाच्या कडा उसवू नयेत म्हणून प्रत्येक भोकाला शर्टाच्या काजासारखा टाका घालून दिला. माझ्या मूर्खपणाला आयुष्यात इतकं सुबक शिवणकाम दुसऱ्या कोणी केलेलं नाही.

आता मी धुळ्यात राहतो. घराच्या मागच्या बाजूला एका शाळेचं मैदान आहे. पाऊस सरला, की तिथे बँडाचा सराव सुरू होतो. आश्विनातलं ऊन आपल्याकडे भाद्रपदापेक्षाही चटका देणारं. त्या उन्हात पहिल्यांदा ढोलाचे एक-दोन ठोके पडतात, मग साइड ड्रमची तडतड, आणि मग कोणीतरी बिगुलात फुंकतं. पहिल्या दिवशीचा तो आवाज सूर नसतो, नुसता घसा साफ केल्यासारखा असतो. मी हातातला चहा खाली ठेवतो आणि गच्चीवर जातो. तिथून मुलांचे चेहरे दिसत नाहीत, फक्त पितळ चमकताना दिसतं. आणि मला चिंचेचा वास येतो. धुळ्यातल्या मैदानावर चिंच नाही, तरी येतो.

आमच्या शाळेत बिगूल चिंचेने घासत. शाळा अमळनेर तालुक्यातल्या एका मोठ्याशा खेड्यात होती. जिनिंगचा एक कारखाना, आठवड्याचा बाजार, एसटीचा थांबा आणि आम्ही. मी भूगोल शिकवायचो. बँडाचे जुने सर चाळीसगावला बदलून गेले, तेव्हा हेडसरांनी बँड माझ्या गळ्यात घातला. कारण विचारलं तर म्हणाले, "मीटिंगमध्ये तुम्ही टेबलावर बोटं वाजवत असता, म्हणजे तुम्हाला ताल आहे." ते कंटाळ्याने वाजवत होतो, हे हेडसरांना सांगणं शक्य नव्हतं. मग मी शिट्टी घेतली, गळ्यात अडकवली आणि बँडमास्तर झालो. वाजवायचं कसं ते जुनी मुलं नव्या मुलांना शिकवत. मी "एक-दोन, एक-दोन" म्हणायचो. तेवढं भूगोलाच्या माणसाला जमतं.

बिगूलवाल्यांत मंगला होती. नववीत. मुलींनी लेझीम घ्यायची आणि मुलांनी बिगूल, अशी तोवर रीत होती. जुन्या सरांनी ती मोडली, कारण मुलांपैकी एकालाही लांब सूर धरता येत नव्हता. मंगला सूर धरायची म्हणजे कशी, तर शाळेच्या फाटकाजवळ तिने फुंकायला सुरुवात केली, की झेंड्याच्या खांबापर्यंत रांग पोचायची तरी तो सूर चालूच असायचा. अंगाने काडीसारखी. एवढा वारा ही कुठे साठवते, याचं मला फार कुतूहल होतं. मी एकदा विचारलं. म्हणाली, "सर, चुलीत फुंकते ना रोज." मग मला वाटलं, गावातल्या सगळ्या बायका सुप्त बिगूलवाल्या आहेत.

तिचे वडील सुरतेला यंत्रमागावर कामाला होते. आमच्याकडच्या कितीतरी घरांचं तसंच होतं. शेतीत भागेना म्हणून माणसं ताप्तीच्या लाइनने खाली उतरायची आणि दिवाळीला फटाके, साड्या घेऊन वर यायची. त्या वर्षी ती दिवाळीच्या आधीच आली. भुसावळ पॅसेंजरमधून बोचकी, पेट्या, पोरंबाळं उतरत होती आणि अमळनेर स्टेशनबाहेरचा टांगेवाला त्यांना बसवायला तयार नव्हता. सुरत सोडताना ती भेदरलेली होती. इथे उतरल्यावर त्यांना कळलं, की आपल्यालाच बघून लोक भेदरतात.

गावात त्या दिवसांत नुसता वासांचा बाजार भरला होता. संध्याकाळी दारोदारी कडुलिंबाचा पाला जाळायचे. गटारीकडेला पांढरी पावडर मारलेली. मेडिकलच्या दुकानात प्लेगवरच्या कॅप्सुला संपल्या होत्या आणि दुकानदार प्रत्येकाला "उद्या या" म्हणत होता. माणसं एकमेकांशी बोलता बोलता दोन पावलं मागे सरकायची. आणि उंदीर! एरवी उंदराकडे कोण बघतं? पण त्या आश्विनात उंदीर दिसला तरी लोक घाबरायचे आणि दिसेनासा झाला तरी घाबरायचे. "मेले असतील," म्हणायचे.

अशात आमच्या शाळेच्या नव्या सभागृहाचं उद्घाटन दिवाळीच्या सुट्टीआधी ठरलेलं. पाहुणे जळगावहून यायचे होते. हेडसर म्हणाले, "बँड होणार. पाहुणा फाटकातून नुसता चालत आत आला, असं या शाळेत कधी झालेलं नाही. पण एकही पोर आजारी पडता कामा नये. जबाबदारी तुमची."

म्हणून पट्ट्या. आणि म्हणून भोकं.

पट्ट्या पहिल्याच दिवशी उतरल्या. मुलांनी बांधल्या, भोकातून बिगूल लावला, फुंकला, आणि हसून हसून जमिनीवर बसली. ढोल वाजवणारा सुकलाल माझ्यापाशी आला. त्याला फुंकायचं नव्हतं, पण पट्टी त्यालाही दिलेली. "सर," तो म्हणाला, "ह्या भोकातून मला जीभ काढता येते." आणि काढून दाखवली. मी पट्ट्या गोळा केल्या.

पण तिथून मला एक नाद लागला. माणूस बिगुलात फुंकतो तो श्वास जातो कुठे? आधी कधी हा प्रश्न मला पडला नव्हता. आवाज बाहेर येतो म्हणजे वाराही तेवढ्याच जोराने बाहेर येत असणार, असं मी धरून चाललो होतो. तसं असेल, तर मंगलाचा श्वास झेंड्याच्या खांबापर्यंत जायला हवा. मी प्रयोगशाळेत उदबत्ती लावली. दारं-खिडक्या बंद केल्या. मंगलाला म्हटलं, धुराच्या समोर बिगूल धर आणि वाजव.

तिने वाजवला. कपाटातल्या परीक्षानळ्या किणकिणल्या. बाहेर व्हरांड्यात शिपाई नाना दचकून काहीतरी बोलले. आणि उदबत्तीचा धूर? तो आपला सरळ वर चालला होता. जरासा वाकला, जणू कोणी शेजारून चालत गेलं, एवढंच.

मी पुन्हा वाजवायला लावलं. पुन्हा तेच. मग बासरीवाल्या एका मुलाला बोलावलं. त्याने बासरीत हळूच फुंकलं, आणि धुराच्या चिंध्या झाल्या!

मला इतका आनंद झाला, की मी सातवीच्या वर्गाला तास आहे हे विसरलो. सगळ्या गावाला जागं करणारा आवाज उदबत्तीचा धूरही हलवत नाही. म्हणजे आवाज आणि वारा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पुस्तकात हे असेल, असणारच. पण पुस्तकात वाचलेलं आणि डोळ्यांनी पाहिलेलं यांत फरक असतो. श्वास तिथल्या तिथेच राहतो, नळीत फिरतो, थंड होतो, त्याचं पाणी होतं. सराव संपल्यावर मुलं बिगूल उलटा करून झटकतात, ते पाणी. बाहेर जातो तो फक्त सूर. त्या दिवशी मी घरी जाताना दिसेल त्याला हे सांगत सुटलो. एक जण म्हणाला, "सर, तुम्ही कॅप्सूल घेतली ना?"

मग माझ्या डोक्यात पुढचा प्रकाश पडला. भीती बिगुलाच्या मोठ्या तोंडाची नव्हे, छोट्या तोंडाची आहे. आमच्याकडे बिगूल कमी, मुलं जास्त. एकाने वाजवायचा, दमला की दुसऱ्याने घ्यायचा, चड्डीला पुसल्यासारखं करायचं आणि तोंडाला लावायचा. हीच मुलं घरी काय करतात? पेला ओठाला न लावता वरून पाणी पितात. एकाने दात लावलेला पेरू दुसऱ्याला दिला तर तो आधी त्याला उष्टं म्हणतो, मग खातो. आयांचा तर उष्ट्या-खरकट्याच्या बाबतीत केवढा कडक कारभार! पण बिगुलाला उष्टं म्हणायचं कोणाला कधी सुचलंच नाही. पितळ होतं, शाळेचं होतं, चकाकत होतं. सगळं गाव वर्षानुवर्षं एकमेकांचं उष्टं कौतुकाने ऐकत होतं.

मी फर्मान काढलं. एक बिगूल, एकच मूल. उरलेल्यांनी झांजा घ्यायच्या. प्रत्येक बिगुलाला वेगळ्या रंगाचा दोरा. मंगलाचा हिरवा. कोणी दुसऱ्याच्या बिगुलाला तोंड लावलं तर आठवडाभर बँड बंद. शिवाय रोज सराव संपला, की सगळे बिगूल मी स्वतः लाल औषधाच्या पाण्यात धुणार. विहिरीत टाकतात ते औषध. ग्रामपंचायतीने पुडी दिली होती. मुलांवर हे काम सोपवायचं नाही, ती टंगळमंगळ करतात. मी बादली घेऊन बसायचो. पाणी जांभळं व्हायचं, आत बिगूल बुडवायचो, हलवायचो, चिंचेने घासायचो, चांगल्या पाण्याने विसळायचो, उन्हात ठेवायचो. आत थेंब राहिला, की बिगूल गुळगुळ करतो. म्हणून वाळल्यावर एकेक हातात घेऊन फुंकून बघायचो. त्या वेळी जो आवाज निघायचा, तो ऐकून नाना व्हरांड्यातून विचारायचे, "सर, शेळी आडकनी का कोठे?" मग बिगूल ज्याच्या त्याच्या दोऱ्याप्रमाणे खुंटीला टांगायचो. इतकं मन लावून मी माझ्या लग्नातली भांडीही घासली नव्हती.

औषधाचं प्रमाण पहिल्या दिवशी जरा चुकलं. म्हणजे बरंच चुकलं. दुसऱ्या दिवशी सराव झाला आणि बिगूलवाल्या सगळ्या मुलांच्या ओठांभोवती तपकिरी गोल उमटले. ते धुतल्यावर जाईनात. तो नेमका बाजाराचा दिवस. मुलं आपल्या वाटेने बाजारातून घरी निघाली. भाजीवाल्या बाईने पहिलं पोर बघितलं आणि वांगी तशीच टाकून मागे सरली. पाच मिनिटांत बाजार पांगला. हेडसरांच्या टेबलाभोवती पालक गोळा झाले. मी खुलासा करायला गेलो, तर माझीच बोटं तपकिरी. माझ्यापासूनही लोक दोन पावलं मागे झाले. शेवटी मी चिंच आणून एका मुलाचे ओठ सर्वांसमक्ष घासून दाखवले. डाग फिका झाला. मूल रडायला लागलं. लोक शांत झाले.

यानंतर मी मुलांना एकमेकांपासून लांब उभं करायचं ठरवलं. जिनिंगच्या कारखान्यामागे मोठं पटांगण होतं, कापूस अजून यायचा होता म्हणून रिकामं. तिथे ढोल एका टोकाला, बिगूल दुसऱ्या टोकाला, मधे झांजा आणि साइड ड्रम विखुरलेले. वारा कुठून येतो ते बघून मी मांडणी केली होती. भूगोल कामाला आला म्हणून खूश होतो. शिट्टी दिली. सुकलालने ठोका दिला. आणि काय झालं कोण जाणे, सगळा बँड विस्कटला. बिगूलवाली मुलं ठोका ऐकून फुंकत होती, त्यांचा आवाज ढोलाजवळ पोचेपर्यंत सुकलाल पुढच्या ठोक्यावर गेलेला असायचा. तो मग बिगुलासाठी थांबायचा. तो थांबला, की झांजावाले थांबायचे. एकच चाल पटांगणाच्या एका कडेला संपत होती आणि दुसऱ्या कडेला सुरू होत होती. पलीकडच्या रस्त्याने बैलगाडीतून एक म्हातारा चालला होता. त्याने बैल थांबवले आणि ओरडून विचारलं, "ओ सर, हाऊ एक बँड शे का चार?"

मुलं हसली. मी पण हसलो असेन. पण मनात धरलं, आवाजालाही चालायला वेळ लागतो. आपण एकमेकांपासून फार लांब उभे राहिलो, तर एकत्र वाजवता येत नाही. ही गोष्ट फक्त बँडाची नाही, असं आता धुळ्याच्या गच्चीवरून वाटतं. तेव्हा मी फक्त अंतर निम्मं केलं.

त्याच आठवड्यात मंगलाचे वडील आले. पॅसेंजरने. सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरांनी त्यांना तपासलं, घरातल्या सगळ्यांना कॅप्सुला दिल्या, काही नाही म्हणून सांगितलं. माणूस धडधाकट होता. पण गावाने त्यांच्या ओट्यावर बसायचं सोडलं. वर्गात मंगलाच्या बाकावरच्या मुली उठून दुसरीकडे बसल्या. बँडात एका मुलाने विचारलं, "सर, ती पण येणार का?" मी त्याला उदबत्तीचा प्रयोग सांगितला. त्याला तो पटला नाही. मंगलाला पटला. ती रोज यायची, हिरव्या दोऱ्याचा बिगूल घ्यायची, सगळ्यांपासून लांब कडुलिंबाखाली उभी राहायची आणि वाजवायची. कोणी बोलत नव्हतं तिच्याशी. सूर मात्र झेंड्याच्या खांबापर्यंत जात होता.

आणि मग खोकला सुरू झाला.

आधी एक बिगूलवाला मुलगा. मग दुसरा. मग आणखी दोघे. नाक वाहणं, घसा, बारीक कणकण. सर्वांत शेवटी मंगलाही. डॉक्टर म्हणाले, साधं सर्दी-पडसं आहे, ऋतू बदलतोय, घाबरू नका. पण ज्या गावात उंदीर दिसला नाही तरी लोक घाबरत होते, त्या गावाला हे कोण सांगणार? "सुरतेवाल्याच्या पोरीने आणलं," एवढं एक वाक्य ओट्याओट्यावरून फिरलं.

हेडसरांनी मला बोलावलं. "पालक म्हणतात, तिला काढा. आज बँडातून काढलं नाही तर उद्या शाळेतून काढा म्हणतील. मी बोलावलंय तिच्या आईला. एकदा घरी बसली की नववीची पोरगी परत शाळेत येत नाही, हे मलाही कळतं. पण माझ्यासमोर सगळं गाव उभं आहे. तुमच्याकडे काही उत्तर असेल तर उद्यापर्यंत आणा."

मी कामाला लागलो. मला मंगला बँडात हवी होती. ती गेली तर आमच्या बँडात नुसती धडधड उरणार होती. पण खरं सांगायचं, तर तितकंच मला उत्तरही हवं होतं. कारण गोष्ट विचित्र होती. आजारी पडले ते फक्त बिगूलवाले. ढोल ठणठणीत. झांजा ठणठणीत. सुकलाल तर जास्तच ठणठणीत. म्हणजे खोकला हवेतून आला नाही, तो पितळेतून आला. पण बिगूल तर कोणी कोणाचा घेतच नव्हतं. मी दोरे तपासले. मुलांना एकेकटं बोलावून दरडावलं, "खरं सांग, दुसऱ्याचा बिगूल वाजवलास?" सगळ्यांनी देवाची शपथ घेतली. मी पाण्याच्या माठाचा पेला बघितला. सगळे वरून पितात. खुंट्या बघितल्या. चिंच बघितली, चिंचेतून खोकला जातो का, हेही मी अर्धा तास गंभीरपणे विचारात घेतलं. या सगळ्या धावपळीत मी स्वतः मधूनमधून ढासत होतो. पण माझा खोकला खडूचा होता. नवरात्राच्या आधीपासून होता, आणि खडूचा आहे हे मी तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी हेडसरांच्या खोलीत आम्ही बसलो. हेडसर, दोन पालक, मी. मंगला दाराशी उभी. तिची आई थेट कापसाच्या शेतातून आली होती. वेचणीची ओटी कमरेला तशीच खोचलेली, हाताला बोंडांचे ओरखडे. हेडसर म्हणाले, "बसा." ती बसली नाही.

"काय व्हयनं सर? मन्ही पोर काय करी बठनी?"

हेडसर म्हणाले, "बाई, पोरीने काही केलं नाही. पण साथीचे दिवस आहेत. तिचे वडील सुरतेहून आले..."

"उनात. हाई खरं शे," ती म्हणाली. "डाक्टरनी गोया दिन्ह्यात, आम्हीन बठ्ठासनी खाद्यात. घर कोन्हीच आजारी नही. पोरले खोकला लागना तो शायमा लागना. मंग सांगा, आम्हीन तुम्हनाकडथीन घिदा का तुम्हीन आम्हनाकडथीन?"

एक पालक म्हणाले, "खोकला शाळेत लागला की घरी, कोणी कोणाकडून घेतला, ते आम्हाला माहीत नाही. तिचा बिगूल बंद करा, एवढंच आमचं म्हणणं."

मंगला खाली बघत होती. पायाच्या अंगठ्याने फरशीवरची रेघ पुन्हा पुन्हा गिरवत होती. मला वाटलं, आता बोललं पाहिजे. मी उभा राहिलो. आदल्या दिवशीचं सगळं संशोधन डोक्यात तयार होतं. मी म्हटलं, "थांबा. भावनेच्या भरात निर्णय नको. शास्त्रीय विचार करू." मग मी फळ्याकडेच गेलो. बिगूल काढला, ढोल काढला. उदबत्तीच्या धुराचा प्रयोग सांगितला. एका पालकाला तो फार आवडला, त्याने परत सांगायला लावला. मी सांगितलं, की ढोलवाला एकही आजारी नाही. मी सांगितलं, की म्हणून रोग बिगुलाच्या तोंडातूनच फिरला असला पाहिजे. पालकांनी मंगलाकडे पाहिलं. माझ्या लक्षात आलं, की माझं शास्त्र भलत्याच दिशेला चाललंय. मी घाईघाईने म्हटलं, "पण! मंगलाचा बिगूल दुसऱ्या कोणी लावलेलाच नाही. तिने दुसऱ्याचा लावलेला नाही. एका तोंडाचा दुसऱ्या तोंडाशी संबंधच नाही! शिवाय मी स्वतः रोज एकेक बिगूल धुतो, वाळवतो, फुंकून खात्री करतो आणि मगच टांगतो. आता मला सांगा, एका बिगुलातून दुसऱ्या बिगुलात खोकला गेला कसा?"

इथे मी थोडा थांबलो. असा प्रश्न टाकल्यावर थांबायचं असतं, हे मला वर्गात शिकवून शिकवून माहीत झालं होतं. आणि तेवढ्यात मला ढास लागली. जोराची. फळ्याला धरून उभा राहिलो.

मंगलाच्या आईने माझ्याकडे पाहिलं. मग मंगलाकडे. मंगलाने मान आणखी खाली घातली, पण तिचे खांदे हलत होते. ती रडत नव्हती.

"पोर रोज घर ईसन सांगस," आई हेडसरांना म्हणाली. "सर धोतस, मंग एकेक फुकी दखतस. पयले लाल दोरावाला, मंग पिवया, शेवटले हिरवा. मी म्हंतं, मास्तर शेतस, त्यास्ले समजत व्हई." तिने कमरेची ओटी सारखी केली. "मन्ही पोरनं तोंड एकच बिगूलले लागस, सर. बठ्ठा बिगूलस्ले तोंड लावणारा आठे एकच मानूस शे. हाऊ मास्तर."

सगळ्या बिगुलांना तोंड लावणारा एकच माणूस, आणि तो मी. मी फळ्यावर काढलेल्या बिगुलाकडे बघत राहिलो. काय गंमत आहे, त्या क्षणी मला आधी लाज वाटली नाही. आधी वाटलं, अरे, बरोबर आहे की! रंगांचा क्रमसुद्धा जुळत होता. लाल दोऱ्याचा मुलगा पहिला आजारी पडला होता, मंगला शेवटी. इतके दिवस शोधत होतो ते सापडल्याचा तो आनंद होता. लाज नंतर आली, आणि आली ती मुक्कामालाच आली.

हेडसरांनी खिशातून रुमाल काढला आणि बराच वेळ तोंड पुसलं. पालकांपैकी एक खिडकीबाहेर पाहत होते आणि दुसऱ्यांचं पोट हलत होतं. शेवटी हेडसर म्हणाले, "मंगला, उद्या सरावाला वेळेवर ये. बिगूल घरी घेऊन जा, घरीच धू. आणि सर, तुम्ही आठ दिवस रजेवर. अर्ज नको, नुसते घरी जा."

मंगलाने खुंटीवरून हिरव्या दोऱ्याचा बिगूल आणायला धूम ठोकली. आई तिच्यामागे निघाली. दारात थांबली, वळली. मला वाटलं, बाई चांगली आहे, जाता जाता चार शब्द समजुतीचे बोलेल. मी हात जोडायच्या बेतात होतो.

ती माझ्याकडे बघत हेडसरांना म्हणाली, "आन् त्याले वाजाडताबी येत नही."